शेऱ्याचा रकाना

शंभर पानी वही. आधी तारीख,
मग ठिकाण, मग किती काड्या,
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
रेघा स्केलने मारल्यात. खात्यातली सवय.
(कुमुद म्हणते, काड्या करायची हौसच आहे तुम्हाला.)

कंपनीने जाहीर केलं :
सिंहगड रोड, फाइव्ह जी, तीन महिन्यांत सगळीकडे.
छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस
‘तीन महिन्यांत’ ऐकून हसत नाही.
तारीख टाकतो.

३ नोव्हेंबर. दांडेकर पूल. दोन.
शेरा : कोपऱ्यावर उभं राहिल्यास.
९ नोव्हेंबर. पानमळा. शून्य.
१४ नोव्हेंबर. राजाराम पूल. चार.
शेरा : पलीकडच्या काठाच्या असाव्यात, आपल्या धरू नयेत.
२२ नोव्हेंबर. माणिकबाग, उड्डाणपुलाखाली.
येते, जाते. शेरा : पाहुण्यासारखी.

माझ्या फोनवर ते चिन्ह उमटतच नाही, फोन जुना.
म्हणून नातीचा नेतो, सकाळी सहा ते सात,
ती उठायच्या आत उशीशेजारी परत,
हा आमचा करार. तिला माहीत नसलेला.

आमच्या सोसायटीने गच्चीवरचा टॉवर
अकरा विरुद्ध नऊ मतांनी नाकारला.
तेच अकरा जण आता पार्किंगमध्ये
फोन वर धरून उभे असतात,
सूर्याला अर्घ्य दिल्यासारखे.
हे वहीत लिहिलं नाही. तसा रकाना नाही.

आमचं जाळं जमिनीखाली होतं.
कागद गुंडाळलेल्या तारा, जोडीला जोड,
रात्रभर चेंबरमध्ये उकिडवं बसून
निळीला निळी, नारिंगीला नारिंगी.
पाणी शिरलं की अख्खी आळी मुकी.
सत्त्याऐंशी साली हिंगण्यात एका घरी नंबर लागला,
अर्ज ज्यांच्या नावाचा होता
त्यांचं वर्षश्राद्धसुद्धा होऊन गेलेलं.
बाईंनी काळ्या फोनला हळदकुंकू लावलं,
माझ्या हातावर पेढा ठेवला,
आणि पहिला फोन कुणाला लावायचा
ते त्यांना सुचेना.
रिसीव्हर हातात धरून राहिल्या.
शेवटी मीच एक्स्चेंजला लावला.
म्हटलं, टेस्टिंग.

वडगावात एका दवाखान्याच्या गच्चीवर
कमरेला पट्टा बांधून अफसर मुलाणी चढलेला,
बारामतीकडचा पोरगा, ओळख झालीये आता.
खालून विचारलं, कधी?
काका, मंगळवारी चालू.
चालू झालं शुक्रवारी.
मंगळवार खोडला, शुक्रवार लिहिला, शेजारी सही केली.

तर शुक्रवारी, साडेसहाला,
दवाखान्यासमोर, पावाच्या टेम्पोमागे,
पाच.
पूर्ण पाच. हललो, तरी पाच.
रस्ता ओलांडला, पाच.
काय करतात अशा वेळी?
सिनेमा उतरवून घेतात म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत.
मला कुठलाच बघायचा नव्हता.
फोन गरम, हात थंड,
आणि एवढा मोठा रस्ता मोकळा आकाशातून,
त्यावरून पाठवायला
माझ्याकडे काही नाही.

घरी लावला.
कुमुदने उचलला, घाबरून, कारण नाव नातीचं
आणि नात तर आत झोपलेली.
कोण?
म्हटलं, टेस्टिंग.
थोडा वेळ तिकडे नुसता कुकर ऐकू आला,
शिट्टीच्या आधीची घरघर,
इतकी जवळ की मी गॅस बारीक करायला
हात पुढे केला.
मग ती म्हणाली,
येताना अर्धा लिटर दूध आणा,
आणि तो फोन ठेवा जागेवर, तिला सगळं माहितीये.

शेरा : आवाज स्वच्छ.

१९ जानेवारी. धायरी फाटा. एक.
२० जानेवारी. नांदेड फाटा. शून्य.
शेरा : उद्या