बोल्शी

वर्षअखेरच्या कागदावर
मॉरीनने निळ्या शाईत लिहिलं :
कामाला चोख. जरा बोल्शी.
जरा म्हणजे किती, ते नाही लिहिलं.

हडर्सफील्डच्या इस्पितळाचं तळघर,
वाफ, ओल्या चादरींचे ढीग,
आणि मी, शरयू टिपणीस,
जिचं आडनाव इथे कुणाच्या जिभेवर टिकत नाही.

काय केलं होतं मी?
इस्त्रीच्या रोलरपाशी सहा तास उभी होते,
मग एक टोपली पालथी घातली
आणि तिच्यावर बसले.
दुसऱ्या दिवशी तीन टोपल्या पालथ्या होत्या.

डबा खाताना विचारलं, बोल्शी म्हणजे काय रे?
कीथ म्हणाला, म्हणजे... साहेबाचं ऐकून न घेणारी.
वाईट नाही तसं. चांगलंही नाही.
आणि बिस्कीट चहात बुडवून हसला.
बोझेना हसली नाही.
तिच्या आजीच्या गावात
याच शब्दातून आलेली माणसं
एका रात्रीत दाराची चौकटसुद्धा उचकटून घेऊन गेली होती.

राज्यं उलथवणारा शब्द
इथवर येता येता इतका झिजला
की टोपलीवर बसलेल्या बाईला बेतात बसला.

घरी जाताना बसमध्ये
माझ्या भाषेत शोधत राहिले.
शिरजोर : हे वडिलांचं, जेवणाच्या पाटावरून.
आगाऊ : शाळेतल्या बाईंचं, छडीसकट.
तोंडाळ हे सासरी मिळालं, अंगावरच्या दागिन्यांत मोजलं नाही कुणी.
तेच वाक्य धाकटा भाऊ बोलायचा
तेव्हा तो बाणेदार असायचा.
बंडखोर मात्र मला कधीच कुणी म्हटलं नाही.
तो शब्द चौकातल्या पुतळ्यांसाठी राखीव.

लाच खातो तो लाचखोर.
मग बंडखोर काय खात असेल?
बहुतेक बोलणी.
तेवढी तर मीही पोटभर खाल्लीत.

सोमवारी सही करायची होती.
कागदाच्या तळाशी रिकामी चौकट : कर्मचाऱ्याचं म्हणणं.
मॉरीन पेन पुढे करून उभी.
उभीच होती ती, सकाळपासून.
घोट्याला सूज,
मोज्याच्या रबराचा खोल वळ.

मी लिहिलं, खुर्च्या : तीन.
मग तीन खोडून
चार केलं.