बेंबीखाली तीन बोटं

च्येन बाई म्हणाल्या, उभा राहा.
मी उभा राहिलो.
म्हणाल्या, आता खरंच उभा राहा.

कीलुंगच्या टेकडीवर, देवळामागची ओली फरशी,
पहाटेचे पाच.
खाली धक्क्याला बांधलेली माझी टगबोट
मुंगीएवढी दिसते.
गुडघे किंचित वाकलेले, हात पुढे,
जणू रांजण धरलाय कवेत,
जो कुणी मला दिलेलाच नाही.
तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरतात,
पाचव्याला राग येतो:
पन्नाशी उलटलेल्या माणसानं,
डोंगराएवढी जहाजं धक्क्याला लावणाऱ्यानं,
हवेचा रांजण सांभाळत बसायचं?
शेजारी औषधांच्या दुकानातली उंग मावशी
डोळे मिटून उभी, घाम म्हणून नाही.
पायाशी तिची पिशवी, कांद्याची पात बाहेर डोकावते.
बाजारसुद्धा करून आलीय.

"खांदे," बाई म्हणतात.
एवढंच. खांदे.
मी ते सोडतो तेव्हा कळतं,
कित्येक वर्षं ते कानांपाशीच होते,
कुणी हाक मारील म्हणून.

मग श्वास.
"बेंबीखाली तीन बोटं. तिथवर."
माझा श्वास गळ्याच्या हाडापाशी येतो
आणि वसुलीला आलेल्या माणसासारखा
उंबऱ्यात उभा राहतो.
आत येत नाही, जातही नाही.

वडील रुइफांगच्या खाणीत होते, एकवीस वर्षं.
रात्री पातळ भिंतीपलीकडे
त्यांची छाती वाळू चाळल्यासारखी वाजायची.
एक. मग थांबणं. दोन.
थांबणं लांबलं की मी माझा श्वास धरून ठेवायचो,
तेवढी हवा त्यांना उरेल, अशा हिशेबानं.
अकरा वर्षांचा होतो.
धरलेला तो श्वास
बहुतेक अजून सोडलेला नाही.

हे बाईंना सांगितलं नाही.

पहिला महिना नुसताच गेला.
उजेड दिसला नाही, काही वाहिलं नाही.
ची म्हणतात ती आली असेल तर मुंग्यांसारखी आली,
आणि मी हात झटकले.
ध्यानाला बसलो तर घोरलो. मावशी हसली.
मेइ-यिन विचारते, शिकलास काय?
उभं राहायला.
आणि पुढे?
पुढे चालायला शिकवतात म्हणे.
तिनं भाताचा चमचा जरा जोरात ठेवला.

मग एका सकाळी
बाईंनी तळहात माझ्या कमरेवर टेकवला.
ढकलला नाही, नुसता टेकवला.
मनगटावर निळा ठिपका दिसला,
कातडीखाली राहून गेलेला कोळसा.
"मी निवडायला बसायचे खाणीच्या तोंडाशी," त्या म्हणाल्या,
"चाळीस बायका आम्ही.
पुरुषांची गाडी खाली जाताना रोज बघायचो.
दोर हळूच सोडायचे.
घाईनं सोडलेला दोर
मी एकदाच पाहिला."

आणि तळहात तिथेच राहिला.

मी दोर हळू सोडला.
गळा. छाती, जिथं मी कधी थांबू दिलं नव्हतं कुणाला.
बरगड्यांचे लाकडी टेकू.
अजून खाली, जिथं दिव्याला ओल लागते.
तळाशी कुणी भेटलं नाही.
वडील तर नाहीच.
थोडी ऊब होती, आणि जागा होती.
मग गाडी रिकामीच वर आली.
त्यांच्या वेळी एवढ्यावर मजुरी कापली असती.

मी डोळे उघडले तर मावशी निघून गेली होती,
फरशीवर पातीचं एक पान.
मांड्या थरथरतच होत्या, अगदी पहिल्या दिवसासारख्या.

साडेसहाला बोटीवर.
धुक्यात एक लांबलचक मालवाहू जहाज,
गंजाचे ओघळ, नाव पुसट.
टायर बांधलेलं आमचं नाक त्याच्या कुशीला लावलं.
एरवी मी लगेच इंजिनाला जोर देतो.
आज थांबलो.
लोखंडातून त्याचं वजन हळूहळू येऊ लागलं,
कुठं कलतंय, कुठं ऐकत नाहीये.
वायरलेसवर पायलट खेकसला,
काय झालं? ढकलत का नाहीस?

काही नाही, म्हटलं.
टेकलोय.