दम

साडेबाराला छपरावरची माणसं खाली उतरवतात.
कायदा आहे, तीनपर्यंत उन्हात काम नाही.
तेव्हा माझं सुरू होतं,
कंटेनरमधल्या टूलरूममध्ये,
जिथे एसी आहे, पण म्हणण्यापुरता.

धनबीर खिळ्यांची बंदूक घेऊन आला,
आजारी कोंबडी आणावी तशी, काखेत.
म्हणाला, भाई, ही खोकते.
तीन खिळे बरोबर, चौथा अर्धा,
पाचवा नुसत्या हवेचा.

आधी नळी काढ.
हे मी सगळ्यांना सांगतो, स्वतःलासुद्धा.
माझ्या टेबलात एक भोक आहे,
माझ्या आधीच्या मेकॅनिकच्या तळहातातून आलेलं.

डबी उघडली. गुंडाळी ठीक होती,
तारेत ओवलेले एकशेवीस खिळे, एकही वाकडा नाही.
पण खिळा पुढे सारणारा पंजा
वाळूनं आखडलेला.
जुन्या दातब्रशनं घासला, तेल दिलं,
नळी जोडली.
तरी खोकते.

म्हणजे दुखणं आत आहे.

कानानं शोधायची सोय मला नाही.
उजवा सोळा वर्षांच्या कॉम्प्रेसरांनी नेला,
डावा अर्धा उरलाय,
तो साखरतरहून येणाऱ्या फोनसाठी राखून ठेवतो.
म्हणून डबी रिकामी करून,
बंदुकीचं नाक भिंतीकडे फिरवून
मी गाल लावतो.
ताजी दाढी केलेला गाल हवेला पटकन ओळखतो.
ट्रिगरपाशी काही नाही.
वरच्या झाकणाखाली मात्र
कुणीतरी चुगली करत होतं.
साबणाचं पाणी लावलं,
तर बुडबुडा आला, मोत्याएवढा.

हे मोत्यांचंच गाव, अल जझीरा अल हमरा.
इथले जुने लोक दम धरून तळाशी जायचे,
शिंपले घेऊन वर यायचे, कधी नुसतेच यायचे.
त्यांची घरं पलीकडे ओस पडलीत, शेळ्या फिरतात.
माझा मोती टेबलावरच फुटला.

नळी परत काढली. चार बोल्ट, झाकण.
ओ-रिंग निघाली ती
वाळल्या कोकमाच्या सालीसारखी,
दोन ठिकाणी चिरलेली.
रोज सकाळी तेलाचे चार थेंब, एवढंच मागते ती.
पण थेंबांना दोन मिनिटं लागतात,
दोन मिनिटांत पन्नास खिळे बसतात,
आणि फोरमन खिळे मोजतो.

शाजीच्या स्टोअरमध्ये ते माप नव्हतं.
शारजाहून येईल, गुरुवारी, इन्शाल्ला.
फळीखाली तीन मेलेल्या बंदुका आहेत,
मी त्या भंगारात जाऊ देत नाही.
दुसरीनं रिंग दिली.

ग्रीस लावता लावता धनबीरनं विचारलं,
इथे पाऊस किती?
वर्षाचे चार-पाच दिवस. तेही नशीब असेल तर.
मग एवढं उतरतं छप्पर कशाला?
पाहुण्यांना फोटोत बरं दिसतं.
तो हसला. त्याच्या घरावर दगडाच्या पाट्या,
माझ्या घरावर कौलं.
कौलाला खिळा नसतो, मी म्हटलं,
एक दुसऱ्याच्या अंगावर रेलून राहतं, बस्स.
आणि वानर आलं तर?
तर सगळं सरकतं. मग फोन येतो.

फळीवर ठोकून पाहिलं.
आवाज मला आला नाही, दाढांत आला.
धनबीरनं अंगठा दाखवला,
तीन वाजले, तो शिडी चढला.

टेबलावर एक वॉशर उरला.
नेहमी एक उरतो.
कुठला, ते आठवायचा प्रयत्न केला,
मग पत्र्याच्या भिंतीला तळहात लावला,
वरची ठोक हाडातून येते ती मोजत.
एक. दोन. तीन.
चौथा पूर्ण.
पाचव्याला मी दम धरला.