तेरा पायऱ्या

एकतीस वर्षं मी विजेची बिलं वाटली या शहरात.
स्नेहलतागंज, मल्हारगंज, पार जुन्या इंदूरपर्यंत.
कुत्रीसुद्धा माझी सायकल ओळखायची.
दार उघडलं की कागद हातात ठेवायचा आणि निघायचं.
आकडा वाचून कुणाचा चेहरा कसा झाला,
ते बघायची सवयच नव्हती.

आणि आता एक कागद वरच्या मजल्यावर द्यायचा,
तेरा पायऱ्या फक्त,
तर चार दिवस मी गुडघ्यावर ढकलतोय.

साडेचार हजारांचे सहा करायचे.
जलकर वाढला, संपत्तीकर वाढला,
जिना गळतो, तो चौकसेच्याच बाजूचा.
धाकटा बेंगळुरूहून म्हणतो, बाबा, मार्केट आठचं आहे.
असेल.
पण पहाटे पाचला नर्मदा आली
की मार्केट काही नळाच्या पायपावर
चमचा वाजवत नाही दोनदा:
दादा, मोटर लगा लो.

लिहायचं कसं?
मराठीत लिहिलं तर त्याला वाचता येईना,
हिंदीत लिहिलं तर ते मी लिहिलंय असं वाटेना.
'आपको सूचित किया जाता है'
कोण सूचित करतंय, वाक्यात पत्ताच नाही.
बरं वाटलं मला ते.
तरी चार कागद फाडले.
कचरागाडीवरचा पोरगा सुक्या डब्यात डोकावून म्हणाला,
किसको चिट्ठी लिख रहे हो, दादा, इत्ती सारी?

बायको म्हणाली, कोर्टासमोरून टाइप करून आणा. पन्नास घेतात.
चौकसे तिथंच बसतो, हे मला ठाऊक होतं.
म्हटलं, कोर्ट मोठं आहे. दुसरा कुणी भेटेल.
पहिल्या टेबलाने विचारलं, मामला?
म्हटलं, किरायेदारी.
त्याने मान न उचलता पेन्सिल केली कडुनिंबाकडे:
वो चौकसेजी देखते हैं.

त्याने मसुदा घेतला.
एकदा वाचला. चश्मा पुसला. पुन्हा वाचला.
मग म्हणाला, दादा, पंद्रह दिन नहीं चलेगा,
अपने करार में एक महीना है.
आणि तारीख स्वतःच पुढे सरकवली,
कुणा तिसऱ्याची असावी तशी.
की-बोर्डवरची अक्षरं झिजून गेलेली, बोटांना सगळी पाठ.
'श्री बद्रीलाल चौकसे, पिता स्व. गेंदालाल'
अकरा वर्षांत विचारलं नव्हतं मी बापाचं नाव.

रकम अंकों में तो है, अक्षरों में बोलिए.
आणि मोठ्याने सांगायची वेळ आली तेव्हा
माझ्या तोंडून साडेपाच निघालं.
मसौदे में छह लिखा है, दादा.
अरे, मी सांगतोय ना!
मराठीतच ओरडलो. शेजारचा वकील वळून बघायला लागला.
चौकसेला कळलं असावं. टाइप केलं.
पन्नास घेतले, मोजून.
शंभराची नोट दिली होती, उरलेले परत केले.
मी कागद तिथंच त्याच्यापुढे धरला,
तर हात मागे घेतला त्याने.
यहाँ नहीं. यहाँ मैं टाइपिस्ट हूँ.
घर पे दीजिएगा.

म्हणजे पायऱ्या चुकल्या नाहीतच.

संध्याकाळी चढलो. सातव्या पायरीवर थांबलो,
गळतं तिथं, बादली ठेवलेली.
दार त्यानेच उघडलं, बनियनवर,
हाताला कणीक.
हात धुऊन आला. दिव्याखाली उभा राहून
पहिल्यापासून वाचू लागला,
स्वतः टाइप केलेलं इतक्या सावकाश कुणी वाचत नाही.
वृद्धि में मात्रा छूट गई, म्हणाला,
आणि पेनाने ती ऱ्हस्व वेलांटी काढली,
आधी माझ्या प्रतीवर, मग स्वतःच्या.
खाली सही. तारीख.

मान वर केली तेव्हा
मी निघालेलो नव्हतो.