बिननावाचा बडग्या

पोळ्याची रात्र, धंतोली.
हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हरच्या पंख्यांची घरघर,
माझ्या डब्यात निम्मी उरलेली पुरणपोळी.
तीन वाजून बारा मिनिटांनी
एक्स-रे साठवणारं मशीन
कुणाला तरी, कुठे तरी,
काहीतरी पाठवू लागलं.

कुलूप शाबूत. पासवर्ड शाबूत.
पहाऱ्यावरच्या सॉफ्टवेअरचा दिवा हिरवा,
कारण त्याच्यापाशी ओळखीच्या चोरांचे फोटो आहेत
आणि हा कधी फोटोला बसलाच नव्हता.

कंपनीला फोन केला.
पलीकडची मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"झिरो-डे दिसतोय. आम्हालाही आत्ताच कळतंय."
अकरा वर्षांच्या नोकरीत
इतकं खरं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

रात्रपाळीचा वॉचमन हेडाऊ दारातून डोकावला.
"काय फोडलं जी मॅडम त्यानं?"
काहीच नाही फोडलं.
सुतारानं चौकट ठोकली तेव्हाच फट राहिली होती.
"कवाची?"
सात वर्षांची.
"अन् तुमी त्याले झिरो दिवस म्हंता!"

म्हणतो, हेडाऊ.
आपला झिरो माइलचा दगड नाही का,
रस्ते त्याच्या आधीही होतेच.
मोजणी तिथून सुरू झाली, एवढंच.

मग मी केबल उपटली.
बोटभर निळी वायर,
आणि चार मजले कागदावर आले.
आयसीयूत सिस्टर नंदनवार
पेन्सिलीनं तक्ते आखता आखता
मला एक शिवी हासडून गेल्या. मायेची नव्हती.

सकाळी हेडाऊ घरी न जाता
थेट जागनाथ बुधवारीत, मारबतीला.
दुपारी त्याचा व्हिडिओ आला:
काळी, पिवळी, ढोल, धूळ,
डेंग्यूचा बडग्या, महागाईचा बडग्या.
आमच्यावाल्याचा कसा करायचा?
नाक कुठे काढायचं, मिशा कुणाच्या लावायच्या?
हेडाऊनं नुसती काठी उचललीय, वर कोरा कागद,
आणि एकटाच ओरडतोय,
"बिननाववाल्याले घेऊन जा गे मारबत!"
बाजूचे लोक वळून बघतात.

नवव्या दिवशी कंपनीचं ठिगळ आलं.
लावायला तीन मिनिटं लागली.
दिवा हिरवा.
त्या रात्रीही तो हिरवाच होता.

सगळे गेल्यावर मी ट्यूबलाइट बंद केली
आणि निळ्या केबलचं टोक
अंधारात पहिल्या झटक्यात हाताला लागतं का,
ते दोनदा करून पाहिलं.
दुसऱ्यांदा लागलं.