पलीकडे जाण्यापुरतं

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, दुपारचे दोन.
पत्र्याखालचा पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतोय
आणि स्क्रीनवर तीच ओळ पाचव्यांदा:
डिस्क उघडता येत नाही. परमिशन डिनाइड.

राजेशम गुर्रम माझ्या मागे उभे,
हातातला चहा कधीच निवलेला.
"फाइल आहे म्हणता ना?"
आहे की. चाळीस जीबीची.
तिच्यात एक अख्खा जुना कॉम्प्युटर झोपलाय,
मेलेल्या डब्यातून अलगद उचलून आणलेला,
आणि त्याच्या पोटात बावीस वर्षांच्या चादरी:
जेकार्डला कळेल अशा भाषेत
यांनी चौकोन चौकोन भरलेल्या.

आधी मालक बघितला.
नावाच्या जागी नुसता आकडा, एक हजार सात.
जुन्या मशीनवर हा आकडा म्हणजे राजेशम.
इथं तो कुणाचाच नाही.
"बिल्ला," ते म्हणाले.
वडिलांचा पितळी बिल्ला अजून आहे घरात, खिळ्याला.
मिल गेली, भोंगा गेला,
गेटवर नंबर तपासणारा तोही गेला.
नंबर आहे.

मालक बदलला. एक ओळ. एंटर.
परमिशन डिनाइड.

शेठच्या पुतण्याचा पुण्याहून फोन,
"सात-सात-सात मार ना. सगळ्यांना सगळं.
आम्ही असंच करतो."
खोटं कशाला बोलू, बोट कीबोर्डवर होतं.
पण पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात
तोटी सोडून कुणी झोपायला जातं का?

मग वाट वाचत गेले, पायरी पायरीनं.
होम. त्यात राजेशम. त्यात जुनं. त्यात मोर.
दुसऱ्याच पायरीवर अडलं होतं.
फाइलला कुलूप नव्हतंच!
झोपलेल्या मशीनला उठवणारा जो गडी आहे,
क्यूएमू त्याचं नाव,
त्याला राजेशमच्या खोलीतून जायची मुभा नव्हती.

हे यांना सांगायचं कसं,
मी शब्द जुळवत बसले
तर तेच बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी:
"साखर पेठेत आमच्या दोन खोल्या.
पुढच्या खोलीत बाबाय झोपायचे, माग मागच्या खोलीत.
रात्रपाळीला त्यांच्या उशाशेजारून जायचं.
दिवा लावायचा नाही.
कोण कसं निजलंय ते बघायचं नाही.
कशाला हात लावायचा नाही, चप्पल काखेत.
नुसतं पलीकडे जायचं.
असलं काही असतं का तुमच्यात?"

असतं. एक्स म्हणतात.

तेवढंच दिलं.
त्या एकट्या गड्याला, त्या एका खोलीपुरतं.
बाकी घर होतं तसं.

काळा पडदा. थोडा वेळ काहीच नाही.
बाहेर टॉवेलचे गठ्ठे टेम्पोत चढत होते,
कुणीतरी तेलुगूत शिवी दिली, कुणीतरी कानडीत हसलं.
मग निळं.
मग फोल्डर, त्यात मोर,
शेवटचं काम जानेवारीतलं, गड्डा भरला असेल तेव्हा.

राजेशमनी चष्मा पुसला, चढवला, पुन्हा पुसला.
बोट काचेवर टेकवून पिसं मोजली.
"इथं. डावीकडून सहावं. एक घर चुकलंय बघा."
मला काही दिसलं नाही.
"लिहिता येतं आता ह्यात?"
येतं. तुमचंच आहे.
माऊसवर हात ठेवून ते बराच वेळ बसले.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"किती लोकांनी पांघरलाय तो."

मी वायर गुंडाळली.
बिलावर काय लिहू, विचारलं,
एका अक्षराचे पाचशे म्हटलं तर शेठ भांडतील.
"तासाचे लावा," राजेशम म्हणाले,
आणि तो गार चहा
उभ्या उभ्या पिऊन टाकला.