दावा क्रमांक एक

नियम असा, की दावा एकाच वाक्यात बसला पाहिजे.
स्वल्पविराम हवे तेवढे,
पूर्णविराम फक्त शेवटी.
बावीस वर्षं मी असली वाक्यं लिहिते आहे
कर्वे रस्त्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी,
दोघंही दुसऱ्यांचंच उतरवून घेणारे.

त्याआधी सहा वर्षं चिंचवडला टूलरूममध्ये.
एकदा एक जिग सुचला, जॉब उलट्या बाजूने धरणारा.
अकरा मिनिटांचं काम चारवर आलं.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत
साहेबांची सही.
दिवाळीला त्यांना बढती,
मला स्टीलचा डबा, तीन पुडांचा.
त्याच जूनमध्ये मी संध्याकाळच्या लॉला नाव घातलं.
डबा अजून वापरते. चांगला आहे.

माणसं येतात.
पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढतात
आणि आधी दाराकडे बघतात.

सहकारनगरचे नेर्लेकर दर चैत्रात
न थांबणारं चाक घेऊन येतात.
मी चहा सांगते. चाक फिरतं.
मेलबर्नच्या नातवाचं बोलून होतं. चाक थांबतं.
"बेअरिंग," ते म्हणतात.
"बेअरिंगच," मी म्हणते.

भोसरीच्या टेमगिऱ्यांचा वॉशर मात्र खरा होता.
कितीही हादरे द्या, नट सैल होत नव्हता.
चार वर्षं, रात्रपाळीनंतरची.
मी शोध घेतला, आणि तिसऱ्या दिवशी सापडलं:
एकोणीसशे चौतीस, जर्मनी,
तीच कड, तोच बाक,
शाईने काढलेली तीच तीन दातं.
हे सांगायची माझी एक पद्धत आहे.
आधी पाणी देते, मग कागद फिरवते.
ते बराच वेळ बघत राहिले.
मी रागाची वाट पाहत होते.
"मॅडम, ही कड वाकवताना
ह्याच्याही हाताला लागलं असेल का?"
आणि अंगठ्यावरचा जुना वण दाखवला.
जाताना खालून त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली.
वर्कशॉपात लावणार म्हणाले, लेथच्या वर.

जुलेखा बागवान आली ती श्रावणात, मार्केटयार्डातून थेट.
तिच्या पाटीला मधोमध घडी होती,
आणि पुरंदरचं अंजीर तिच्यात
गुलटेकडीपासून वाशीपर्यंत डाग न पडता जायचं.
मी विचारलं, घडी इथेच का?
"अंजीर दाबून नाही धरायचं, झेलायचं.
तळहात कसा आपोआप वाकतो, तसं केलं."
मी लिहायला बसले:
एक पाटी, जिचा तळ दोन भागांचा असून,
ते भाग लवचिक बिजागरीने जोडलेले असून,
भार पडताच आतल्या बाजूस कलतात असे...
रात्री दीडपर्यंत सोळा वेळा खोडलं.
तळहात शब्द कुठेच बसवता आला नाही.
पहाटे चारचा लिलाव बसला नाही,
"बाईमाणसाला कशाला हे" म्हणणारा दीर बसला नाही,
तो तर कायद्याने पूर्वज्ञानातही मोडत नाही.

अर्जावर नाव लिहिताना ती थांबली.
"मालाच्या पावत्या सगळ्या मालकांच्या नावावर असतात."
मी म्हटलं, इथे ज्याला सुचलं त्याचं नाव.
"आणि किती वर्षं?"
वीस.
"मग?"
मग कुणीही बनवू शकतं.
"मग बरंय," ती म्हणाली,
"नाहीतर अंजिरांनी काय तोवर थांबायचं?"

सही वळणदार नव्हती. आडनावातला ग मोडला,
तिने वरून पुन्हा गिरवला.
मी चिंचवडच्या त्या चौकटीचं काही बोलले नाही.
तिने नमुन्याची पाटी टेबलावरच ठेवली, एका अंजिरासकट.
ती जिना उतरून गेल्यावर
मी ते उभ्या उभ्याच खाल्लं.
डाग नव्हता. फाइलमध्ये नोंद नाही.